मोबाईल खाली, दादा वर

फांदी झाडावर असते तेव्हा एवढीशी दिसते. घरमालक म्हणतो, "दोनच तर फांद्या आहेत, तासाभराचं काम!" त्या दोन फांद्या खाली आल्या की त्याचं अंगण भरतं, गेट उघडत नाही, स्कूटर आत अडकते आणि त्याला कामावर चालत जावं लागतं. आमच्या धंद्यातल्या गमतींचंही तसंच आहे. घडतात तेव्हा वाटतं, यात काय विशेष? आणि सांगायला बसलं की अंगण पुरत नाही.

मी अनंत. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत झाडं छाटायचं काम करतो. कौलांवर आलेली, वाळलेली, वाकलेली, लोकांच्या डोक्यावर लोंबणारी फांदी म्हणजे आमची. आम्ही तिघं. मी खाली उभा राहून दोर धरतो आणि ओरडतो. नितेश तिशीचा, दहा वर्षं मुंबईत काढून गावाला परत आलेला. तो झाडावर चढतो आणि उरलेल्या वेळात मोबाईलवर नवीन नवीन अ‍ॅप चढवतो. तिसरे बबनदादा. साठीला आलेले, पोलादपूरच्या वर डोंगरात एक वाडी आहे तिथले. चाळीस वर्षं झाडावर काढलेली. बुंध्यावर नुसती थाप मारून सांगतात, "ह्या फांदीवर पाय ठेवू नको रे, आतून गेलीय." आणि ती गेलेलीच असते!

पुढचं सगळं कळायला एक गोष्ट आधी सांगून टाकतो. दिवाळीच्या सुमाराला दादांना महाडच्या बाजारात चक्कर आली. भाजीवालीच्या टोपलीशेजारी खालीच बसले. डॉक्टरांनी बीपी बघितलं आणि म्हणाले, "आता झाडावर चढणं बंद." शेवंतीवैनी, म्हणजे दादांची बायको, समोरच होती. तिने घरी जाताना गावदेवीच्या देवळात नेऊन दादांकडून शपथ घेतली. दादांनी घेतली. आणि पंधरा दिवसांनी दादा आंब्यावर चाळीस फुटांवर आणि मी खाली दोर धरून!

मी नको म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. दादा म्हणाले, "एवढा हंगाम जाऊ दे रे अनंता. नितेशला फांदीचा अंदाज येऊ दे, मग मी उतरलोच." आणि खोटं कशाला बोलू, मलाही दादा हवेच होते. त्यांच्याशिवाय मोठं झाड अंगावर घ्यायची माझी छाती नव्हती. तेव्हा ठरलं, वैनीला कळू द्यायचं नाही.

*

नितेशचं पहिलं अ‍ॅप झाडाचं नाव सांगणारं. पानाचा फोटो काढायचा की नाव हजर.

महाडला एका निवृत्त गुरुजींच्या परसात काम होतं. गुरुजींना प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावायची होती. दादा सालीला नखाने ओरखडा काढायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, "किंजळ." नितेश फोटो काढायचा. अ‍ॅप गोल गोल फिरायचं आणि सांगायचं, हे झाड ब्राझीलचं. गुरुजी वैतागले. "अहो, हे झाड माझ्या आजोबांच्या आधीपासून इथे आहे. ब्राझीलहून आणलं कोणी?"

नितेश म्हणाला, "गुरुजी, पानावरून घोटाळा होतो. सालीचा फोटो काढला की बरोबर सांगतं."

दादा पायरीवर बसले होते. त्यांनी चप्पल काढली आणि पाय पुढे केला. "ह्याचा काढ. बघू वळखतो काय."

नितेशने दादांच्या टाचेचा फोटो काढला. काळी, भेगाळलेली टाच. अ‍ॅपने या वेळी अजिबात वेळ घेतला नाही. लगेच उत्तर आलं: ऐन. खोडाची साल.

गुरुजींना हसून हसून ठसका लागला. दादा मात्र गंभीर. टाच उलटी करून बघत म्हणाले, "बरोबर हाय की! निम्मं आयुष्य ऐनावर घासलीय ती. हे अ‍ॅप ठेव रे नितेश, हुशार हाय."

*

दुसरं अ‍ॅप झाडाची उंची मोजायचं. मोबाईल आधी बुंध्यावर धरायचा, मग शेंड्यावर, की आकडा येतो. अट एकच: सपाट जागेवर उभे राहा.

पोलादपूरच्या एका गावात नितेश मोबाईल धरून या शेतातून त्या शेतात उतरत होता, वर चढत होता, परत उतरत होता. अर्ध्या तासाने घामाघूम होऊन आला. "भाऊ, पोलादपुरात सपाट जागा शोधायला आधी दुसरं अ‍ॅप लागेल!"

दादांची पद्धत वेगळी. झाडाकडे पाठ करायची, ओणवं व्हायचं आणि दोन पायांच्या मधून मागे बघायचं. शेंडा दिसेपर्यंत पुढे सरकत जायचं. दिसला की तिथून बुंध्यापर्यंत पावलं मोजायची. जमीन सरळ असली की झाडाची उंची साधारण तेवढीच भरते.

महाडला एका सोसायटीत अशोकाचं उंच झाड होतं. पडलं तर बिल्डिंगवर पडेल की नाही, यावरून सभासदांत दोन तट. अ‍ॅप म्हणालं बावन्न फूट. दादा ओणवे होऊन म्हणाले पन्नास. एका तटाला अ‍ॅप पटलं, दुसऱ्याला दादा. शेवटी चेअरमन म्हणाले, "आपण स्वतःच मोजू." ते ओणवे झाले. त्यांना शेंडा दिसेना म्हणून सेक्रेटरी ओणवे झाले. मग खजिनदार. पाच मिनिटांत कमिटीची सात माणसं पार्किंगमध्ये एका ओळीत ओणवी, पायांतून मागे बघताहेत आणि एकमेकांना सांगताहेत, "थोडं पुढे सरका!"

त्याच वेळी एक नवीन जोडपं फ्लॅट बघायला आलं होतं. गेटमधूनच परत गेलं.

*

आता फोटोवाल्या अ‍ॅपचं ऐका. यात फोटो काढला की खाली तारीख, वेळ, जागा सगळं छापून येतं. एका ठेकेदाराचं रस्त्याकडेचं काम आम्ही घेतलं होतं. त्याच्या ऑफिसची अट: प्रत्येक फांदीचे तीन फोटो पाठवायचे. कामाआधी, काम चालू असताना आणि कामानंतर.

नितेश पासवर्ड टाकत होता. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर पडला तेव्हा वर बघतो तर फांदी नाही! दादांनी ती केव्हाच उतरवून रस्त्याच्या कडेला लावली होती.

ऑफिसला फोन केला. तिकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "आधीचा फोटो नसेल तर काम झालं असं धरता येत नाही."

मी त्याला समजावलं. फांदी खाली पडलेली दिसते, वर तिची जागा रिकामी दिसते, अजून काय पाहिजे? तो म्हणाला, "आधीचा फोटो पाहिजे."

दादा हे सगळं ऐकत होते. त्यांनी फांदीला दोर बांधला. मला म्हणाले, "ओढ." मी ओढली. दादा आणि नितेश वर गेले. दोघांनी मिळून ती फांदी होती त्या जागेवर नेली, तुटलेल्या बुडख्याला लावली आणि चार फेरे देऊन घट्ट बांधली. उतरवायला दहा मिनिटं लागली होती, परत चढवायला दीड तास! मी खालून फोटो काढला. छान आला. झाडसुद्धा खूश दिसत होतं.

संध्याकाळी ऑफिसचं उत्तर आलं. "आधीच्या फोटोत फांदीला दोर दिसत आहे. कृपया दोर काढून पुन्हा फोटो पाठवा."

*

आंबेनळी घाटाच्या रस्त्याने थोडं आत गेलं की एक वाडी आहे. तिथे शाळेच्या कौलांवर फणसाची फांदी आली होती. वाडीत मोबाईलला रेंज अजिबात नाही. म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

दादा वर गेले आणि त्यांचा खिसा टिंग टिंग वाजायला लागला. खाली जमलेल्या माणसांनी कान टवकारले. एकाने वर बघून विचारलं, "दादानूं, वर रेंज हाय?"

"चांगली हाय. चार दांड्या."

झालं! दहा मिनिटांत माझ्यासमोर अकरा मोबाईल. कुणाचा फॉर्म सबमिट व्हायचा अडकलाय, कुणाला मुंबईला मेसेज पाठवायचाय, कुणाला नुसतंच काय काय आलंय ते बघायचंय. दादा वरून ओरडले, "मी फांदी तोडायला आलोय का पोस्टमन हाय?" पण ओरडता ओरडता दोर खाली सोडलाच. आम्ही पिशवीत भरून अकरा मोबाईल वर पाठवले. पिशवी फांदीला टांगल्याबरोबर फणसावर असा आवाज सुरू झाला की चार पोपट होते तेही उडाले.

त्यात एकाला व्हिडिओ कॉल आला. तो बंद करायला दादांनी पिशवीत हात घातला आणि नको ते बटण दाबलं. मोबाईल पार्वतीकाकूंचा, आणि कॉल मुंबईहून त्यांच्या मुलाचा. मुलाला समोर दिसली फणसाची पानं, हेल्मेट आणि त्यात दादांची पांढरी दाढी.

"कोण तुम्ही? आई कुठे आहे?"

"खाली हाय."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली! चाळीस फूट."

मुलाने तिकडे जो आरडाओरडा सुरू केला तो आम्हाला खालपर्यंत ऐकू आला. पार्वतीकाकूंनी मान वर केली. "काय म्हणतोय रे तो?"

"रडतोय गो!"

"रडू दे," काकू म्हणाल्या. "गणपतीला आला नाय तवा नाय रडला!"

*

पावसाच्या अ‍ॅपचं थोडक्यात सांगतो. मेच्या शेवटाला आम्हाला वळवाची भीती असते, ओल्या सालीवरून पाय सटकतो. एक दिवस दादांनी कशेडी घाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या तासात येतोय. उतरा." नितेशचं अ‍ॅप म्हणत होतं, आकाश स्वच्छ. मी दादांचं ऐकलं. दोन तास पडवीत बसून राहिलो, थेंब नाही. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप लालभडक झालं आणि दादा म्हणाले, "काय नाय येत." मी अ‍ॅपचं ऐकलं. दिवस कोरडा गेला, घरमालकाचे टोमणे मात्र पोटभर मिळाले.

तिसऱ्या दिवशी दादा आणि अ‍ॅप, दोघंही म्हणाले, निवांत काम करा. त्या दिवशी आम्ही गंजीफ्रॉकपर्यंत भिजलो!

*

आता वैनीकडे वळतो.

सगळ्यात आधी वैनीने दादांना लोकेशन चालू ठेवायला लावलं. म्हणजे दादा कुठे आहेत ते तिच्या मोबाईलवर नकाशात टिंब होऊन दिसायचं. दादा इतक्या आनंदाने कबूल झाले की मलाच संशय आला. मग नितेशने समजावलं. "भाऊ, नकाशात बुंधा आणि शेंडा एकाच टिंबावर येतो. माणूस वर आहे की खाली, ते कुठे दिसतं?"

वैनी खूश, कारण दादा सांगतात तिथेच असतात. दादा त्याहून खूश. तीन महिने सुखाचे गेले.

शिमग्याला दादांची मुलगी सुजाता मुंबईहून आली. तिला वडिलांची काळजी. तिने दादांच्या मोबाईलवर तब्येतीचं अ‍ॅप टाकलं. दिवसभरात किती पावलं चाललात, किती मजले चढलात, सगळं आपोआप मोजलं जातं आणि वैनीच्या मोबाईलवर दिसतं. दादांना वाटलं, पावलंच मोजतंय, मोजू दे.

सोमवारी आम्ही महाडला एका बंगल्यामागचा जुना आंबा घेतला. दादा दिवसभर वर खाली, वर खाली. संध्याकाळी घरी गेले, हातपाय धुतले, पाटावर बसले. वैनीने भात वाढला आणि सहज विचारलं, "आज कुठं होतात?"

"महाडला."

"किती मजल्यांची बिल्डिंग होती?"

"बिल्डिंग कसली गो, बंगला होता. बसका."

वैनीने मोबाईल ताटाशेजारी ठेवला. "मग तुम्ही तेवीस मजले चढलात ते कशावर?"

दादांनी घास गिळला. थोडा विचार केला. आणि म्हणाले, "लिफ्ट बंद होती."

*

चार दिवस वैनी बोलली नाही. पाचव्या दिवशी दादांनी परत शपथ घेतली. आणि सहाव्या दिवशी कामावर आल्याबरोबर मोबाईल माझ्या हातात ठेवला. "हा तुझ्या खिशात. तू जमिनीवर, म्हणजे मोबाईल जमिनीवर, म्हणजे मी जमिनीवर."

"दादा, मला हे जमणार नाही."

"काय जमायचंय त्यात? खिशात ठेवायचा नि उभा राहायचं. तसंही तू उभाच असतोस."

नकाशात टिंब बरोबर, मजले शून्य. अ‍ॅपवाले सगळे चीत! पण वैनीने रोज अकरा वाजता फोन करायला सुरुवात केली. त्यांच्या वाडीत घरात मेसेज येण्यापुरतीच रेंज, बोलायला येत नाही. गावदेवीच्या मागे खिंडीशी जावं लागतं, चांगला दहा मिनिटांचा चढ आहे. तेवढं चढून वैनी यायची, फोन करायची, आणि दादा त्या वेळी हमखास वर. मग मीच उचलायचा.

"वैनी, दादा जरा बाजूला गेलेत."

"बरं भाऊजी."

"वैनी, दादा चहा सांगायला गेलेत."

"बरं."

"वैनी, दादा करवतीच्या मशीनला तेल आणायला गेलेत."

"बरं बरं."

एवढंच. कधी खोदून विचारणं नाही, कधी परत फोन करणं नाही. मला वाटायचं, किती साधी बाई! फोन ठेवला की मनात यायचं, त्या माउलीच्या तोंडावर रोज खोटं बोलतोय आणि ती रोज 'बरं' म्हणतेय. दोनदा दादांना सांगितलं, आता उतरा. दोनदा म्हणाले, "हंगाम संपत आला रे."

माझ्याकडे बहाणे फार नव्हते. निम्म्या वेळा दादा 'बाजूला'च जायचे. नितेश मला म्हणायचा, "भाऊ, जरा नवीन काहीतरी काढा. वैनीला वाटेल दादांना सारखी लघवीला होते."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात वैनीचा निरोप आला: "यांची शुगर तपासून घ्या."

काय करता? दादा एका सकाळी उपाशीपोटी महाडला रांगेत उभे राहिले, रक्त देऊन आले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. शुगर नॉर्मल निघाली.

*

आणि मग त्या शिरीषाचा दिवस.

महाडला नदीच्या अंगाला एक मोठा शिरीष. एक फांदी शेजारच्या घराच्या पत्र्यांवर गेलेली. पावसाच्या आत उतरवायचीच होती. सकाळी साडेदहाला दादा वर गेले. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, तो वरच्या बेचक्यातून खाली, दुसरं टोक बुंध्याला फेरा देऊन माझ्या हातात. एक लहान फांदी उतरवली. मशीन दोराने खाली सोडली. मला वाटलं, पाणी मागतील.

मागितलं नाही. मी वर बघितलं. दादांनी दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारली होती आणि कपाळ सालीला टेकलेलं.

"दादा!"

उत्तर नाही.

"ओ दादा!"

मान हलली नाही. नितेशने माझ्याकडे बघितलं. त्याने पट्टा चढवला आणि दुसऱ्या बाजूने चढायला लागला. पण चाळीस फूट म्हणजे दोन मिनिटांत होत नाही. मी दोर ताणून धरला होता. दादा सुटले तर दोर धरेल हे मला माहीत होतं. पण झोका जाऊन ते खोडावर कसे आदळतील, तेही माहीत होतं. मी भ्यालो होतो. धंद्यात पहिल्यांदा असा भ्यालो.

आणि खिशात मोबाईल वाजला. अकरा.

दोराचा पायाला वेढा घातला, एका हाताने मोबाईल काढला. तोंडात सवयीचं वाक्य होतं तेच बाहेर आलं.

"वैनी, दादा जरा बाजूला गेलेत."

पलीकडून 'बरं' आलं नाही. वाऱ्याचा आवाज येत होता, खिंडीतला. मग वैनी म्हणाली, "भाऊजी, स्पीकर लावा. मोबाईल वर धरा."

"वैनी, अहो ते..."

"कुठल्या झाडावर हायेत ते मला नको. वर धरा."

मी धरला. आवाज होता नव्हता तेवढा वाढवला. आणि वैनी बोलायला लागली. ओरडली नाही, रडली नाही. भाकरी वाढताना बोलावं तशी बोलत होती.

"अहो. मी हाय. डोळे उघडू नका. पट्टा बांधलाय ना?"

वर काही हललं नाही.

"पट्टा विचारतेय मी."

"हाय गो," वरून बारीक आवाज आला. पाच मिनिटांतला पहिला शब्द. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"हां. मग हात सोडू नका. नितेश येत असेल, तो येईस्तोवर माझं ऐका. सुजाताचा फोन आला होता. मेअखेर येतेय म्हणाली, पोरांना घेऊन. तिला फणसाचे गरे पाहिजेत. मी म्हटलं, तुझ्या बापाला सांग. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"शेरडी व्यायली सकाळी. दोन करडं झाली. एक पांढरं हाय, एक तुमच्यासारखं."

मी बघितलं, दादांचे खांदे हलले. हसत होते! तोपर्यंत नितेश पोचला. त्याने दादांच्या पट्ट्याला दुसरा दोर अडकवला, त्यांचा एक एक हात खोडावरून सोडवला, आणि मी खालून दोर सैल करत गेलो. वैनी बोलतच होती. कोणाच्या घराचे पत्रे बदलले, कोणी मुंबईहून फ्रीज आणला. दादांचे पाय मातीला लागले तेव्हा ती कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावर आली होती.

"वैनी, उतरले," मी म्हटलं.

मग ती रडली. चांगली रडली. आम्ही तिघं खाली बसून ऐकत होतो. दादा मान घालून मातीत काडीने रेघा ओढत होते.

रडणं थांबल्यावर मी विचारलं, "वैनी, तुम्हाला माहीत होतं?"

"भाऊजी, शुगर काय मी हौसेने तपासायला लावली?"

"मग अडवलं का नाही?"

"अडवून थांबणारा माणूस हाय का तो? घरात कोंडला असता तर परसातल्या माडावर चढला असता, नि तिथं दोर धरायला कोण? तुमच्याकडे निदान माणसं हायत. म्हणून रोज खिंडीत यायची, तुमचं खोटं ऐकायची. नीट बोललात की घरी जायची. आज तुमचा आवाज कापला."

दादांना दवाखान्यात नेलं. गोळ्या वेळेवर घेत नव्हते, हे तिथे कळलं. एक दिवस ठेवून घेतलं, मग घरी. पंधरा दिवस वैनीने उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. सोळाव्या दिवशी दादा कामावर आले ते हेल्मेट न घेता. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि खालून नितेशला सांगायला लागले, "ती नको रे, तिच्या वरची घे." मोबाईल त्यांच्या स्वतःच्या खिशात. लोकेशन चालू, मजले शून्य, सगळं खरं.

अकरा वाजता मोबाईल वाजला. दादांनी ऐटीत उचलला, मुद्दाम स्पीकरवर टाकला. "हां, बोल गो. जमिनीवर हाय. खुर्चीत बसलोय. पाहिजे तर व्हिडिओ लाव. गावदेवीची शप्पथ!"

"ते राहू दे," वैनी म्हणाली. "भाऊजींना द्या. त्यांना खोटं बोलता येत नाय."